१९६९ च्या अँबॅसडरच्या व्हीलकॅपना कोणता मुलामा द्यावा?

शेडकार्ड, बडोदा

नमस्कार मंडळी. बाबांच्या अँबॅसडरसाठी चार नव्या व्हीलकॅप करून घेते आहे. घडण जमली, मुलाम्यावर अडले आहे. एका वाक्यात उत्तर देणारे तिघं जण भेटले आणि तिघांची उत्तरं तीन निघाली, म्हणून इथे सगळं नीट सांगून विचारते.

गाडी मार्क टू, १९६९ ची, रंग फिकट राखाडी. बाबांनी १९७४ साली सेकंडहँड घेतली. भावाच्या मुंजीचे पाहुणे स्टेशनवरून हिच्यातूनच आले आणि मी सासरी गेले तीही हिच्यातूनच. मूळच्या चार कॅपपैकी एक फार वर्षांपूर्वी भरूचच्या अलीकडे हायवेवर उडाली. बाबांनी गाडी बाजूला घेऊन दोन तास कापसाच्या शेतात शोधली, मिळाली नाही.

उरलेल्या तीन ऑगस्ट २०२४ च्या पुरात गेल्या. गाडी तेव्हा समा भागात भावाकडे होती. विश्वामित्रीचं पाणी पोर्चमध्ये शिरलं आणि बंपर बुडेल इतकं दोन दिवस राहिलं. इंजिन उघडून साफ करावं लागलं, ते काम आता पार पडलंय. कॅप मी स्वतः काढल्या, गाळ धुतला, पुसल्या आणि जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. तेव्हा चांगल्या दिसत होत्या. दिवाळीच्या साफसफाईत गाठोडं सोडलं तर क्रोमवर मोहरीएवढे फोड. नख लावलं की टवका निघे, खाली तांबडा गंज. पुढचा बंपर त्याच पाण्यात तेवढाच वेळ होता, तो मात्र अजून आरशासारखा आहे. हे कोडं मला सुटलेलं नाही.

मकरपुरा जीआयडीसीत दिव्यांच्या शेडचं आणि भांड्यांचं स्पिनिंग करणारे, म्हणजे फिरत्या फर्म्यावर पत्रा दाबून आकार देणारे, एक काका आहेत. त्यांनी आमच्या त्यातल्या त्यात धड कॅपवरून सागवानी फर्मा कोरला. मधला डोम, त्याभोवतीची खाच, कडेचा वळसा, सगळं हुबेहूब. मग तीन नमुने काढून दिले: पितळी पत्र्याचा, सीआर (साध्या पोलादी) पत्र्याचा आणि ३०४ स्टेनलेसचा. पितळी नमुना हातात देताना म्हणाले, "बेन, आमां हाथ सारो फरे छे." हात खरंच छान फिरलाय, वळशावर कुठे सुरकुती नाही.

मी बावीस वर्षं कापडाच्या रंगशाळेत शेड मॅचिंग केलं, त्यामुळे माझा जीव अडकलाय तो रंगात. तिन्ही नमुने बंपरशेजारी ठेवून सकाळी आठला सावलीत पाहिले, दुपारी उन्हात पाहिले, रात्री ट्यूबखाली पाहिले. चकचकीत धातूचा स्वतःचा रंग सहज दिसत नाही, त्यात उमटलेलं आकाश आणि झाडंच दिसतात. म्हणून समोर पांढरा कागद धरायचा आणि त्याचं प्रतिबिंब पाहायचं. बंपरमध्ये कागद किंचित निळसर दिसतो. पॉलिश केलेल्या ३०४ मध्ये तोच कागद राखाडी, जरासा पिवळ्याकडे झुकलेला. एका प्लेटिंगवाल्याने पितळी तुकड्यावर नुसतं निकेल चढवून दिलं, त्यात तर दुधात केशराची काडी पडावी तसा. बाबा ८६ वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांनी तिन्ही तुकडे उजेडाकडे फिरवले आणि म्हणाले, "आपल्या गाडीची चमक गार होती." मलाही याहून अचूक सांगता आलं नसतं.

गाडी मांडून ठेवण्यासाठी नाही. रविवारी सकाळी बाबांना घेऊन डभोई, चांदोद, कधी पावागढच्या पायथ्यापर्यंत जायचं आहे, पावसाळ्यातही. क्रोम करायचं तर पितळेवर की पोलादावर? की ३०४ घेऊन रंगाचा आग्रह सोडू? आणि कॅपच्या आतल्या बाजूचं काय करतात?

पद्मिनी_पुणे

ताई, ३०४ करा आणि निर्धास्त राहा. माझ्या पद्मिनीवर अशाच स्पिनिंग केलेल्या कॅपना पाच पावसाळे झाले. सोलून निघेल असं वर काही नाहीच. ओरखडा पडला तर बफवर धरायची, पुन्हा नवी. क्रोमवरचा ओरखडा कायमचा. चाक फिरायला लागलं की शेडमधला फरक कोणाला दिसत नाही.

फक्त पत्रा पारखून घ्या. २०२ चा पत्रा ३०४ म्हणून खपवतात. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि पावसाळ्यात त्यावर चहाच्या डागांसारखा तांबूस थर धरतो. चुंबक लावून बघा, चिकटला तर घेऊ नका. आणि तारेच्या घासणीने कधी घासू नका. लोखंडाचा कण रुतून बसतो आणि तोच गंजतो.

शेडकार्ड, बडोदा

धन्यवाद भाऊ. आत्ताच चुंबक लावला. डोमला अजिबात धरत नाही, पण कडेच्या वळशाला हलकी ओढ जाणवते. मग हा पत्रा खोटा समजायचा का? स्पिनिंगवाले काका सचोटीचे वाटतात, उगाच त्यांच्याविषयी वाईट मनात आणायचं नाहीये.

मुलामा_मकरपुरा

ताई, त्या काकांबद्दल मनात किंतु आणू नका. ३०४ ला थंड असताना दाबलं-ओढलं की त्याचा काही भाग चुंबकीय होतो. स्पिनिंगमध्ये सगळ्यात जास्त ताण कडेच्या वळशाला पडतो, म्हणून ओढ तिथेच. शिवाय २०२ आणि ३०४ दोन्ही मुळात चुंबकाला धरत नाहीत, तेव्हा त्या दोघांतला फरक चुंबकाने कळायचाच नाही. मँगनीज ओळखणारं टेस्टिंगचं द्रावण मिळतं, स्टीलचा भंगार घेणाऱ्यांकडे असतं. थेंब टाकला की २०२ वर रंग पालटतो.

आता तुमच्या बंपरचं कोडं. निकेल-क्रोमच्या टाक्यांवर माझी तीस वर्षं गेली, त्या भरवशावर सांगतो. गंज क्रोम अडवत नाही, निकेल अडवतं. क्रोमचा थर पाव ते अर्धा मायक्रॉन आणि त्यातही डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा. त्याचं काम निळी झाक देणं, कठीणपणा देणं आणि निकेलला काळवंडू न देणं. खाली निकेल पंचवीस मायक्रॉनच्या आसपास असेल तर पाणी पोलादापर्यंत सहजी पोचत नाही. चांगल्या कामात निकेलही दोन थरांत चढवतात, खाली सेमी-ब्राइट आणि वर ब्राइट. क्रोमच्या भेगेतून शिरलेली झीज मग वरच्या निकेलमध्ये आडवी पसरते, खोल उतरायला तिला फार वेळ लागतो.

म्हणून विचारतो, कॅप मध्यंतरी पुन्हा क्रोम करून घेतल्या होत्या का? फोडांचं वर्णन वाचून मला पातळ निकेलचाच संशय येतो. चार अँपिअर प्रति चौरस डेसिमीटर करंटला मिनिटाला साधारण ०.८ मायक्रॉन निकेल बसतं. म्हणजे पंचवीस मायक्रॉनला अर्धा तास हवा. घाईच्या ठिकाणी जॉब पाच-सात मिनिटांत बाहेर येतो आणि त्यावर क्रोमचा हात मारतात. दुकानातून नेताना दोन्ही जॉब सारखेच चमकतात, फरक दोन पावसाळ्यांनी कळतो. तेव्हा दुकानात "किती मायक्रॉन?" विचारू नका, कोणीही पंचवीस म्हणेल. "निकेलच्या टाकीत किती मिनिटं?" असं विचारा आणि जमलं तर घड्याळ घेऊन उभ्या राहा.

पितळ की पोलाद, यात मी पितळ म्हणेन. निकेल त्यावर थेट आणि घट्ट बसतं. उद्या खडीने मुलाम्याला भोक पडलं तरी खाली तांबडा गंज नाही, फार तर हिरवट ठिपका. पितळ मऊ आहे, पोचा पडतो, म्हणून पत्रा ०.८ मिलिमीटरच्या खाली नको. आणि मुलाम्याआधीच्या बफिंगमध्ये कसूर नको. मुलामा ओरखडा झाकत नाही, उलट उठून दाखवतो.

आतली बाजू फार महत्त्वाची. खोलगट जागेत करंट नीट पोचत नाही. वाटीच्या आत निकेल पातळ बसतं आणि क्रोम जवळजवळ नाहीच. गाळ साचतो तोही तिथेच. प्लेटिंग झाल्यावर आतून बारीक पॉलिश पेपरने खरवडायचं, इपॉक्सी प्रायमर मारायचा, वर राखाडी रंग. आणि धोतरात गुंडाळल्या ते चुकलं ताई. धुतल्यावर उन्हात कडकडीत वाळवून तेलाचा हात द्यायला हवा होता. कापडात ओल टिकते.

रंगाबद्दल. क्रोमच्या टाक्या आता दोन प्रकारच्या आहेत. जुनी हेक्साव्हॅलंट, हिच्यातून ती गार निळी झाक येते. नवी ट्रायव्हॅलंट, हिची झाक बऱ्याचदा थोडी गडद येते, तुमच्या नजरेला बंपरशेजारी ती नक्की खुपेल. तुम्हाला हेक्साव्हॅलंटच लागणार. पण ते फार विषारी रसायन आहे. त्याच्या वाफेने नाकाचा पडदा झिजून भोक पडलेली माणसं माझ्याबरोबर कामाला होती. म्हणून टाकीवर वाफ ओढणारा पंखा चालू असेल आणि पाणी प्रक्रियेला जात असेल अशाच दुकानात काम द्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

कलाभवन_७८

मकरपुऱ्याच्या भाऊंनी सांगितलेलं सगळं बरोबर. पितळ घेणार असाल तर त्यात मधली एक पायरी घालतो.

स्पिनिंग केलेल्या पितळेत ताण अडकून बसतो. कॅप वर्षभर टेबलावर छान राहील आणि एक दिवस कडेला आपोआप चीर जाईल. याला अमोनिया आणि दमट हवा कारणीभूत होते. यातला गाजलेला दाखला आपल्याच देशातला आहे. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत आणि ती तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी हवा आणि काडतूस ओढताना धातूत राहिलेला ताण, असं तिहेरी जुळून यायचं. याची नीट कारणमीमांसा १९२१ साली प्रसिद्ध झाली. पावसाळ्यात तडकतं म्हणून इंग्रजीत या रोगाचं नावच ऋतूवरून पडलं आहे. विद्यार्थी असताना मी हे पहिल्यांदा ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घरातली पितळी घागर उलटी करून तिची कड तपासली होती.

उपाय साधा आहे. बफिंगच्या आधी कॅप २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवायच्या. पितळ नरम पडत नाही, फक्त ताण सुटतो. उष्णोपचार करणाऱ्या कोणत्याही दुकानात दुसऱ्या कामाबरोबर होऊन जाईल. पुढेही काच पुसायचं अमोनियावालं द्रव कॅपला लावू नका.

आणि चाकावरच्या स्प्रिंगच्या क्लिपा उत्साहाच्या भरात प्लेटिंगला देऊ नका. आम्लात आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो, स्प्रिंग ठिसूळ होते आणि एखाद्या खड्ड्यात मोडते. द्यायच्याच असतील तर लगेच काही तास २०० अंशांच्या आसपास भाजून घ्याव्या लागतात. त्यापेक्षा ग्रीस लावा.

मॉडेल_ए_२९

निकेलची आठवण निघाली म्हणून लिहितो. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात २१ गन सॅल्यूटचं जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे फिरताना मी गाड्यांकडे कमी आणि त्यांच्या धातूकडे जास्त पाहत होतो. मोटारींवर क्रोम रुळलं ते १९२० च्या दशकाच्या अखेरीला, त्याआधीचा जमाना निकेलचा. माझी १९२९ ची फोर्ड मॉडेल ए आहे. १९२८-२९ च्या मॉडेल ए वर फोर्डने निकेल दिलं होतं, १९३० पासून रेडिएटरची चौकट आणि हेडलाइट स्टेनलेसचे केले. आधीच्या मालकाने माझ्या गाडीवर हौसेने क्रोम चढवलं होतं. मी ते सगळं उतरवून निकेल करून घेतलं. सणासुदीला पुसावं लागतं, पण आता गाडी आपल्या वयाची दिसते. तुमची १९६९ ची, तिला क्रोमच हवं. बाबांचं "गार" अगदी बरोबर आहे.

आणखी एक. तुम्ही बडोद्याच्या म्हणून सांगतो. हिंदुस्थान मोटर्सची सुरुवात १९४२ मध्ये ओखा बंदरात झाली. कारखाना उत्तरपाड्याला गेला तो १९४८ मध्ये. ओखामंडळ तेव्हा बडोदा संस्थानात होतं. म्हणजे अँबॅसडरचं आजोळ तुमच्याच राज्यातलं.

शेडकार्ड, बडोदा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काम पुरं करूनच सांगायचं होतं.

आधी कोडं. बाबांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तुझ्या लग्नाच्या आधी चमकवून आणल्या होत्या." १९९६ साल. गाडी मांडवात उभी राहणार म्हणून तिन्ही कॅप कुठेतरी दिल्या, तिसऱ्या दिवशी परत मिळाल्या, पैसेही कमीच लागले. बंपरला कधीच हात लावला नव्हता, त्यावर कारखान्याचाच मुलामा आहे. भाऊ, तुमचा संशय खरा ठरला. बाबांना वाईट वाटलं. मी त्यांना सांगितलं की अठ्ठावीस वर्षं टिकल्या, त्यातली दोन दिवस तर नदीत होत्या.

पितळ ठरवलं. पद्मिनीवाले भाऊ, तुमचं म्हणणं मी पुन्हा पुन्हा वाचलं, वापराच्या दृष्टीने ते पटतंही. पण आमची गाडी बराच वेळ उभी असते, बाबा खुर्ची टाकून तिच्यासमोर बसलेले असतात, आणि उभ्या गाडीत कॅप आणि बंपर एका नजरेत येतात. ३०४ ची कॅप मी स्टेपनीसाठी ठेवली आहे.

चारही कॅप २८० अंशांना तासभर ठेवून घेतल्या. भट्टीतून आल्या तेव्हा रंग तपकिरी, जुन्या समईसारखा, आणि माझा जीव खाली-वर झाला. बफवर पाच मिनिटांत पुन्हा सोनेरी झाल्या. प्लेटिंगसाठी तीन दुकानं पाहिली. एका ठिकाणी टाकीवर पंखा होता पण बंद होता, तिथून परत फिरले. जिथे काम दिलं तिथे मिनिटांचा प्रश्न विचारताच मालकांनी मला खुर्ची दिली आणि चहा मागवला. निकेलला बत्तीस मिनिटं लागली, घड्याळ लावून पाहिली. क्रोमला चारसुद्धा नाही. निकेलच्या टाकीतून कॅप वर आली, पाणी निथळलं, तेव्हा ती इतकी देखणी, उबदार होती की क्षणभर वाटलं इथेच थांबावं. मॉडेल एवाले काका, तुमची गाडी कशी दिसत असेल ते तेव्हा समजलं.

कागद धरून पाहिलं. सावलीत बंपर आणि कॅप एक. ट्यूबखाली एक. भर दुपारी कॅप किंचित जास्त उजळ वाटते, पण तो रंगातला फरक नाही. बंपरवर पन्नास वर्षांच्या फडक्याच्या बारीक रेघा आहेत आणि उजेड त्यात विखुरतो. तेवढं मी तसंच ठेवणार आहे.

आतून प्रायमर आणि राखाडी रंग झाला. ओख्याची गोष्ट बाबांना वाचून दाखवली, तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकवली जाते.

काल तीन कॅप बसल्या, हाताच्या तळव्याने ठोकल्या की टक् आवाज करून बसतात. चौथी बसेना. ते चाक मागच्या डावीकडे आहे, पण इतकी वर्षं स्टेपनी म्हणून डिकीत होतं. वाकून पाहिलं तर एक क्लिप मुळापासून मोडलेली, मोडलेल्या जागेवर जुना काळा गंज. बाबांनी काठी टेकवून पाहिलं आणि म्हणाले, "ही भरूचची." म्हणजे कापसाच्या शेतात शोधलेली कॅप या चाकावरची होती.

कोणाकडे मार्क टूच्या चाकाची जुनी क्लिप असेल, किंवा मोडक्या चाकावरून काढून देता येईल, तर कृपया इथे कळवा. येऊन घेऊन जाईन. नवी करायची झाली तर कोणतं स्प्रिंगचं पोलाद आणि किती जाडीची पट्टी घ्यावी, तेही सांगा.